गृहोद्यानातील देशज युकॅलिप्टस : कॅनबेरा परिसरातील यलो बॉक्स वृक्षाची लागवड व जतन

युकॅलिप्टस हा वृक्ष मराठी वाचकास 'निलगिरी' या नावाने परिचित आहे. हे नाव मुळात वृक्षाचे नव्हे. दक्षिण भारतातील ज्या डोंगररांगांवर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्याची पद्धतशीर लागवड सुरू झाली, त्या डोंगरांचे ते नाव वृक्षास चिकटले. जांभूळ, पेरू व लवंग ज्या कुलात मोडतात त्याच जंबुल कुलातील हा वृक्ष भारतात रांगेने लावला जातो आणि थोड्याच वर्षांत तोडला जातो. त्याच्या मूळ भूमीत, म्हणजे ऑस्ट्रेलियात, त्याचे जीवन निराळे आहे. तेथे एकच वृक्ष कित्येक शतके उभा राहू शकतो, त्याच्या ढोलीत पक्ष्यांच्या पिढ्या वाढतात, आणि नगरे वाढू लागली की हाच वृक्ष एखाद्या घराच्या आवारात येऊन पडतो. अशा वृक्षास घराजवळ स्थान कसे द्यावे, हा तेथील उद्यानविद्येपुढील जुना प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात कॅनबेरा नगरीच्या परिसरातील यलो बॉक्स या एका जातीच्या आधारे त्या प्रश्नाचे विवेचन केले आहे. या विवेचनातून एक गोष्ट स्पष्ट होते : देशज युकॅलिप्टस लावणे सोपे आहे, कठीण आहे ते त्यास एका मानवी आयुष्यापलीकडे टिकू देणे. लागवडीच्या प्रत्येक टप्प्यावरील निर्णय या दुसऱ्या गोष्टीच्या अनुरोधाने घ्यावे लागतात.

१. 'देशज' या संज्ञेची व्याप्ती

युकॅलिप्टस या प्रजातीचे नामकरण लेरितिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७८८ साली केले. कुकच्या तिसऱ्या सफरीत टास्मानियाच्या दक्षिणेकडील ब्रूनी बेटावर १७७७ साली गोळा केलेला नमुना त्याच्यासमोर होता. फुलाच्या कळीवर घट्ट बसणारे टोपण पाहून त्याने ग्रीक भाषेतील 'उत्तम झाकलेले' या अर्थाचे नाव दिले. पाकळ्या व निदलपुंज यांपासून बनलेले हे टोपण कळी उमलताना गळून पडते आणि आतील असंख्य केसरदले बाहेर पसरतात. निलगिरीच्या फुलाची शोभा पाकळ्यांची नसून केसरांची असते, याचे कारण हेच. १९९५ साली हिल आणि जॉन्सन यांनी या प्रजातीतून कोरिंबिया ही स्वतंत्र प्रजाती वेगळी काढली. युकॅलिप्टस, कोरिंबिया व अँगोफोरा या तीन प्रजातींत मिळून आठशेहून अधिक जाती गणल्या जातात. थोड्या अपवादांखेरीज त्या सर्व ऑस्ट्रेलियातील आहेत.

यामुळेच 'ऑस्ट्रेलियन वृक्ष' आणि 'स्थानिक वृक्ष' यांची गल्लत होण्याचा संभव फार असतो. लाल फुलांमुळे उद्यानप्रिय ठरलेला कोरिंबिया फिसिफोलिया हा वृक्ष पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका लहानशा पट्ट्यात निसर्गतः वाढतो. तीन हजार किलोमीटर पूर्वेस असलेल्या कॅनबेराच्या पठारावर तो जवळजवळ परकाच आहे, आणि तेथील कडक थंडी त्यास मानवतही नाही. उलट बाजूचे उदाहरण कूटामुंड्रा वॉटल या बाभळीच्या जातीचे आहे. कॅनबेरापासून फार दूर नसलेल्या एका मर्यादित क्षेत्रात ती मूळची आहे. परंतु उद्यानांतून बाहेर पडून तिने आपल्या क्षेत्राबाहेर तणाचे रूप धारण केले. एकाच खंडातील वनस्पती दुसऱ्या भागात उपद्रवी ठरू शकते, हे त्यावरून ध्यानात यावे.

नाव हे मूलस्थानाचे विश्वसनीय गमक नसते, हेही येथेच नमूद करणे इष्ट होय. ऑस्ट्रेलियातील युकॅलिप्टसांत सर्वाधिक विस्तृत प्रदेशात आढळणाऱ्या रिव्हर रेड गमचे शास्त्रीय नाव युकॅलिप्टस कमाल्डुलेन्सिस असे आहे. डेनहार्ट याने १८३२ साली त्याचे वर्णन इटलीत, नेपल्सजवळच्या कमाल्डोली येथील उद्यानात वाढविलेल्या झाडावरून केले. म्हणून मरी नदीकाठच्या वृक्षास इटलीतील स्थळाचे नाव लाभले. आपल्याकडील 'निलगिरी' हे नाव त्याच जातकुळीचे आहे.

देशजतेचा प्रश्न केवळ शब्दाचा नाही. युकॅलिप्टसच्या निकटसंबंधी जातींत संकर सहज होतो. कॅनबेराच्या उद्यानविभागाचे १९४४ ते १९५८ या काळातील प्रमुख व पुढे तेथील विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झालेले लिंडसे प्रायर यांनी या संकरांचा पद्धतशीर अभ्यास केला. निसर्गात शेजारी शेजारी वाढणाऱ्या जाती बहुधा परस्परांपासून दूरच्या गटांतील असतात, हे त्यांनी दाखवून दिले. माणसाने मात्र दूरदेशीची निकटसंबंधी जाती शेजारी आणून लावली, तर हा नैसर्गिक दुरावा मोडतो, आणि भोवतालच्या अवशिष्ट वृक्षांच्या बीजात परके गुण शिरू लागतात. म्हणून ज्या घराजवळ मूळचे अरण्य अद्याप शिल्लक आहे, तेथे जातीइतकेच बीजाच्या मूलस्थानाकडे लक्ष पुरवावे लागते. वाढत्या तापमानाच्या संदर्भात आता असाही विचार मांडला जातो की, बहुसंख्य बीज जवळच्या वृक्षांचे घ्यावे, पण त्याच जातीच्या अधिक उष्ण व कोरड्या भागांतील बीजाची थोडी जोड त्यास द्यावी. लावलेले झाड दीडशे वर्षांनंतरच्या हवामानात उभे राहावयाचे असल्याने हा विचार अप्रस्तुत म्हणता येत नाही.

२. यलो बॉक्स

यलो बॉक्स म्हणजे युकॅलिप्टस मेलिओडोरा. १८४३ साली प्रसिद्ध झालेल्या या नावाचा अर्थ 'मधाचा गंध असलेला' असा आहे, आणि तो सार्थ आहे. या वृक्षाचा मध ऑस्ट्रेलियात उत्तम समजला जातो. 'यलो' हे विशेषण सालीच्या आतील पिवळ्या थरामुळे मिळाले. बुंध्यावरील साल तंतुमय व खरखरीत असून ती टिकून राहते, तर वरच्या फांद्यांची साल गळून पडते व तेथे गुळगुळीत पृष्ठभाग दिसतो. पांढरट फुले वसंतापासून ग्रीष्मापर्यंत, म्हणजे दक्षिण गोलार्धातील सप्टेंबर ते फेब्रुवारी या काळात, येतात. अनुकूल जागी हा वृक्ष तीस मीटरपर्यंत उंच होतो.

कॅनबेराचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर असून तेथे वर्षाकाठी सुमारे सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. हा पाऊस आपल्याकडील पर्जन्याप्रमाणे चार महिन्यांत एकवटलेला नसून वर्षभर विखुरलेला असतो. हिवाळ्यातील रात्री तापमान वारंवार शून्याखाली उतरते. यलो बॉक्स व ब्लेकलीज रेड गम हे तेथील तृणाच्छादित विरळ वनाचे प्रमुख वृक्ष. या वनात एन्गुनावल लोकांचा वावर सहस्रावधी वर्षांचा आहे. पात्रांसाठी साल काढून घेतल्याच्या त्यांच्या खुणा काही जुन्या वृक्षांच्या बुंध्यावर आजही दिसतात.

यलो बॉक्स चांगल्या जमिनीवर वाढतो, आणि हेच त्याच्या नाशाचे कारण झाले. एकोणिसाव्या शतकात मेंढ्यांची कुरणे व गव्हाची शेते यांसाठी प्रथम तीच जमीन मोकळी करण्यात आली. व्हाइट बॉक्स, यलो बॉक्स व ब्लेकलीज रेड गम यांच्या या वनसमूहास २००६ साली राष्ट्रीय कायद्याखाली अतिसंकटग्रस्त म्हणून घोषित करण्यात आले. त्याच्या मूळ विस्ताराच्या शेकडा ५ हूनही कमी भाग सुस्थितीत उरला आहे. अशा स्थितीत खाजगी आवारातील एकेक वृक्षास जे महत्त्व येते, ते केवळ शोभेचे राहत नाही.

३. जागेचा हिशेब

'मोठे आवार' याचा अर्थ संख्येने ठरविता येतो. चिकणमातीची जमीन पाणी शोषल्यावर फुगते व कोरडी पडल्यावर आकसते. मोठा वृक्ष कोरड्या ऋतूत मुळांच्या कक्षेतील पाणी खेचून घेतो. त्यामुळे जमीन असमान आकसते आणि हलक्या पायाच्या घरास तडे जातात. मुळे पायात घुसून तो फोडतात ही समजूत सार्वत्रिक आहे, परंतु बहुतेक प्रसंगी खरे कारण जमिनीतील ओलाव्याचा हा फरक असतो. यास्तव अशा जमिनीवर वृक्ष व घर यांमध्ये वृक्षाच्या पूर्ण उंचीइतके अंतर ठेवण्याचा संकेत आहे.

बागेतील यलो बॉक्सची उंची वीस मीटर धरली, तरी वीस मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्र सुमारे १,२५७ चौरस मीटर भरते. ऑस्ट्रेलियन मध्यमवर्गाचे जुने स्वप्न मानला गेलेला पाव एकराचा भूखंड सुमारे १,०१२ चौरस मीटरांचा असतो. म्हणजे घर बाजूला ठेवून केवळ वृक्षाचा विचार केला, तरी हे वर्तुळ त्या भूखंडात मावत नाही. आता तर नव्या वसाहतींतील भूखंड त्याहूनही लहान आहेत. एक एकराच्या आवारात मात्र, चौरस आकार गृहीत धरल्यास, बाजू सुमारे चौसष्ट मीटरांची येते आणि घर व वृक्ष दोन्ही सुखाने नांदू शकतात. शेजारच्या घराचे अंतरही याच मापाने मोजले पाहिजे. मुळांना कुंपण ठाऊक नसते. त्यांचा बहुतांश विस्तार जमिनीच्या वरच्या एक मीटरात असला, तरी बाजूस तो पर्णसंभाराच्या बराच पलीकडे जातो. सांडपाण्याचे नळ, विजेच्या तारा व गाडीवाट यांचा विचारही रोप लावण्यापूर्वीच करावयाचा असतो. नंतर केलेला विचार बहुधा कुऱ्हाडीपाशी येऊन थांबतो.

४. बीज, रोप व लावण

यलो बॉक्सचे बी अत्यंत बारीक असते आणि फळातून ते निष्फळ बीजकांच्या फोलासह बाहेर पडते. हे मिश्रण तसेच बारीक मातीच्या पृष्ठभागावर विखरून वर वाळूचा पातळ थर दिला, तर वसंतात एक ते तीन आठवड्यांत अंकुर येतात. अतिशीत प्रदेशातील काही जातींच्या बियांना अंकुरणापूर्वी ओल्या थंडीत ठेवावे लागते, तशी आवश्यकता येथे नसते.

रोपाची निवड करताना लहान रोप घ्यावे, हा नियम अनुभवाने दृढ झाला आहे. मोठ्या कुंडीतील दोन मीटरांचे झाड पाहून सामान्य माणूस मोहात पडतो. परंतु कुंडीच्या भिंतीवर आदळून मुळे गोल फिरलेली असतात, आणि हे वळण जमिनीत गेल्यावरही सुटत नाही. काही वर्षांनी खोड जाड होते, मुळांचा तोच फास त्यास आवळू लागतो, किंवा आधार एकाच बाजूस राहून झाड वाऱ्याने उन्मळते. अरुंद व खोल नळीत वाढविलेले वीतभर उंचीचे रोप पुष्कळदा काही वर्षांतच मोठ्या कुंडीतील झाडास मागे टाकते.

कडक हिमतुषारांचा काळ संपताच, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात, लावण करणे उचित होय. खड्डा मुळांच्या गड्ड्याहून दुप्पट रुंद असावा, फार खोल नसावा. खड्ड्यात खत भरण्याची आपल्याकडील रीत येथे हितावह नाही. युकॅलिप्टसची मुळे कवकांशी सहजीवन साधून अल्प फॉस्फरसाच्या जमिनीतूनही पोषण मिळवितात. खड्डाच सुपीक केला, तर मुळांना बाहेर पसरण्याचे प्रयोजन राहत नाही. रोपाभोवती मीटरभर व्यासाचे गवत काढून तेथे आच्छादन घालावे. ते खोडास भिडू देऊ नये. पहिल्या दोन उन्हाळ्यांत रोज शिंपण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने आळे भरून पाणी द्यावे, म्हणजे मुळे खाली उतरतात. खोडास काठी बांधण्याचे टाळावे, कारण वाऱ्याने हलल्यानेच खोडाचा बुंधा जाड व बळकट होतो. ससे व पॉसम यांपासून रक्षणार्थ जाळी मात्र आवश्यक असते.

पहिल्या वर्षांत रोपाची वाढ वरून मंद भासते. या काळात बीजदलांच्या व पहिल्या पानांच्या बेचक्यांतून खोडाच्या तळाशी एक लाकडी गाठ तयार होत असते. तीस काष्ठकंद म्हणता येईल. तिच्यात सुप्त अंकुर व पिष्टमय अन्नाचा साठा असतो. आगीने, थंडीने किंवा एखाद्या प्राण्याने वरचे खोड नष्ट केले, तर या गाठीतून नवे धुमारे फुटतात. म्हणून जळालेले अथवा कुरतडलेले रोप उपटून टाकण्याची घाई करू नये.

५. वाढत्या वयातील धोके

पूर्ण वाढलेली पाने उभी लोंबतात व त्यांच्या दोन्ही बाजूंस पर्णरंध्रे असतात. मध्यान्हीचे ऊन पानाच्या कडेवर पडते, त्यामुळे बाष्पोच्छ्वास कमी होतो. आणि त्याच कारणाने या वृक्षाची सावली आंब्यासारखी दाट न पडता विरळ पडते. त्याखाली गवत व झुडपे तग धरू शकतात, आणि ती असावीत हे कीटकांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. खत घातलेल्या हिरवळीत एकाकी उभ्या असलेल्या वृक्षाची पाने नायट्रोजनयुक्त होतात व भुंगेरे त्यांवर तुटून पडतात. न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेकडील न्यू इंग्लंड पठारावर १९७० नंतरच्या दशकात शेतांतील असंख्य युकॅलिप्टस अशाच क्रमाने वठले. तृणे व बर्सारियासारखी काटेरी झुडपे खाली राखली, तर लहान पक्ष्यांस आसरा मिळतो, झुडपांच्या फुलांवर परजीवी गांधीलमाशा येतात, आणि या दोहोंमुळे कीटकांवर नियंत्रण राहते. थोडक्यात, एक झाड लावणे पुरेसे नसून त्याच्यासोबत त्याच्या वनाचा लहानसा तुकडाही लावावा लागतो.

छाटणीच्या बाबतीत सर्वांत मोठी हानी शेंडा तोडल्याने होते. युकॅलिप्टसच्या सालीखाली खोलवर सुप्त अंकुरांच्या पेशी असतात. आगीनंतर काळवंडलेला बुंधा हिरव्या पालवीने झाकला जातो तो त्यांच्यामुळेच. शेंडा तोडल्यावर हेच अंकुर जोमाने फुटतात, परंतु नव्या फांद्या बुंध्याच्या बाह्य थरालाच चिकटलेल्या असतात. त्या जड झाल्या की मोडून पडतात. वृक्ष धोकादायक वाटला म्हणून शेंडा छाटावा, आणि त्या छाटणीनेच तो खरोखर धोकादायक व्हावा, असा हा प्रकार आहे. योग्य छाटणी फांदीच्या मुळाशी, तिच्या गळपट्टीच्या बाहेर केली जाते. प्रौढ वृक्षाच्या फांद्या शांत व उष्ण दिवशीही अकस्मात तुटू शकतात, म्हणून बैठकीची जागा वा मुलांचा झोपाळा त्याखाली ठेवू नये.

आगीचा प्रश्न याहून गंभीर आहे. १८ जानेवारी २००३ रोजी पश्चिमेकडील अरण्यातून आलेल्या वणव्याने कॅनबेरातील चार जणांचा बळी घेतला व सुमारे पाचशे घरे नष्ट केली. युकॅलिप्टसची तैलयुक्त पाने ज्वलनशील आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु अशा वणव्यांत घरे बहुधा ज्वालांच्या प्रत्यक्ष भिंतीने पेटत नाहीत. वाऱ्याने उडून आलेले निखारे पन्हळींत, छपराखाली व भिंतीलगतच्या पालापाचोळ्यात पडतात, आणि तेथून घर पेट घेते. पायासाठी राखलेले अंतर येथेही उपयोगी पडते. परंतु पन्हळी व घराभोवतालची जागा उन्हाळ्यापूर्वी स्वच्छ करणे हे घरमालकाचे वार्षिक कर्तव्य ठरते. ज्यास हे कर्तव्य पार पाडणे शक्य नाही, त्याने घराजवळ मोठा युकॅलिप्टस लावू नये, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

६. ढोलीचा काळ

इतक्या अडचणी सोसून हा वृक्ष का लावावा, याचे उत्तर ढोलीत आहे. ऑस्ट्रेलियातील पृष्ठवंशी प्राण्यांच्या सुमारे तीनशे जाती निवाऱ्यासाठी वा विणीसाठी वृक्षांच्या ढोलींचा उपयोग करतात. त्या खंडात सुतारपक्षी नाही. भारतात सुतारपक्षी वा तांबट चोचीने जे काम काही दिवसांत करतो, ते तेथे कवक व वाळवी यांच्याकडून अतिसावकाश होते. फांदी तुटते, जखमेतून कवक शिरते, गाभा कुजतो, वाळवी तो पोखरते. लहान ढोली तयार होण्यास साधारणतः शंभर-सव्वाशे वर्षे लागतात. मोठ्या पोपटांना पुरेल अशी ढोली दोनशे वर्षांच्या आत क्वचितच होते. कॅनबेरा प्रदेशाचे पक्षिचिन्ह असलेला गँग-गँग काकाकुवा ढोलीतच घरटे करतो. २०२२ साली त्याची गणना संकटग्रस्त जातींत करण्यात आली. डौलदार हिरवा सुपर्ब पॅरट हाही ढोलीवरच अवलंबून आहे.

कॅनबेराच्या नागरी वृक्षांसंबंधी २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रचलित व्यवस्थापनाचे गणित पुढे मांडले गेले. नगरातील हरित जागांतील ढोलीयुक्त वृक्षांची संख्या तीनशे वर्षांत शेकडा ८७ ने घटेल, असा त्याचा निष्कर्ष होता. याचे कारण लागवडीचा अभाव एवढेच नाही. सुरक्षिततेच्या वा शिस्तीच्या नावाखाली वृक्ष ढोलीच्या वयास पोहोचण्यापूर्वीच काढला जातो, हेही त्याचे कारण आहे. वठलेली फांदी ही उद्यानाच्या दृष्टीने दोष असते, पण पक्ष्याच्या दृष्टीने ती वृक्षाच्या उपयुक्ततेचा आरंभ असते.

कायद्याने या विसंगतीची काही अंशी दखल घेतली आहे. कॅनबेरा प्रदेशाच्या २०२३ च्या नागरी वनविषयक कायद्यानुसार खाजगी आवारातील आठ मीटर वा अधिक उंचीचा वृक्ष परवानगीवाचून तोडता येत नाही. म्हणजे रोप लावणे ही सर्वस्वी मालकाच्या इच्छेची बाब असली, तरी वृक्ष आठ मीटरांवर गेला की त्यावर समाजाचाही अधिकार चालू लागतो. या तरतुदीचा एक अनिष्ट परिणामही संभवतो : पुढील बंधनाच्या भयाने मालक मोठ्या जातीचे रोप लावण्याचेच टाळील, किंवा सात मीटरांवर असतानाच ते काढून टाकील. कायदा वृक्षाचे रक्षण करू शकतो. योग्य जागी योग्य वृक्ष लावण्याची बुद्धी मात्र त्यापूर्वीच असावी लागते.

उपसंहार

वरील विवेचनावरून असे दिसते की, मोठ्या गृहोद्यानातील देशज युकॅलिप्टसचा विचार तीन कालमापांवर करावा लागतो. पहिल्या दहा वर्षांत प्रश्न रोपाचा असतो : बीजाचे मूलस्थान, मुळांची ठेवण, आळ्यातील पाणी. पुढील पन्नास-साठ वर्षांत तो घराचा होतो : पाया, फांद्या, आग. त्यापुढे तो ढोलीचा, म्हणजेच इतर जीवांचा होतो. लावणाऱ्यास फारतर दुसऱ्या कालखंडाचा काही भाग पाहावयास मिळतो. आज लावलेल्या यलो बॉक्समध्ये पहिले घरटे बाविसाव्या शतकाच्या मध्यास होईल, आणि तोवर त्या आवाराचे पाच-सहा तरी मालक बदललेले असतील. त्यांपैकी एकासही झाड तोडण्याचे सबळ कारण मिळू नये, इतक्या विचाराने जागा निवडणे, यातच पहिल्या मालकाच्या कामाची कसोटी आहे. जुन्या वृक्षाला पर्याय म्हणून नवे रोप लावले की हिशेब पुरा झाला, असे मानणाऱ्या नगररचनेस या एका जातीच्या अभ्यासातून जे उत्तर मिळते ते असे : वृक्ष आज लावता येतो, परंतु त्याचे वय आज लावता येत नाही. म्हणून नव्या रोपाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, उभ्या असलेल्या जुन्या वृक्षाचे जतन महत्त्वाचे आहे.